कापलेली टिकटिक

माझा धाकटा भाऊ ब्लॅक मेटल बँडमध्ये ड्रम वाजवतो. त्यांचा पहिला अल्बम ऐकून आई म्हणाली होती, "मिक्सरमध्ये खिळे टाकलेत का रे?" रेकॉर्डिंग माझंच. प्रत्येक ठोका मी मशीनने सरळ केला होता.

यंदा त्यांचा बाज बदलला. गाणी संथ, लांबलचक. चौघांनी एका खोलीत एकदमच वाजवायचं, ताल मोजून देणारा मेट्रोनोम नाही, कापाकापी नाही. "ताई, श्वास, खुर्चीची करकर, सगळं राहू दे," भाऊ म्हणाला. म्हटलं, हौसेला मोल नाही.

तिसऱ्या दिवशी हेडफोनमध्ये टिकटिक आली. ओळखीची. सहा वर्षांपूर्वी भावाच्या हृदयात धातूची झडप बसवली. शांत खोलीत ती ऐकू येते. तो आवाज ऐकल्याशिवाय आईला झोप लागत नाही. पण ड्रमच्या गदारोळात ती माइकला सापडावी कशी?

"कसली टिकटिक?" गिटारवाला म्हणाला. त्याचा पाय मात्र तिच्याच तालावर हलत होता.

गाण्यागणिक ती मंदावत होती. माझ्या मनात पाल चुकचुकली. भावाची नाडी पाहिली, ठीक होती. "ताई, डोकं खाऊ नकोस," तो म्हणाला. शेवटच्या गाण्यात टिकटिकीच्या दोन ठोक्यांमध्ये माझा एक अख्खा श्वास मावला.

मी घाबरले. सगळे बाहेर गेल्यावर, भावाला दिलेला शब्द मोडून, ती सगळ्या गाण्यांतून काढून टाकली. सवयीप्रमाणे कापलेला आवाज वेगळ्या फाईलमध्ये ठेवला. बेचाळीस मिनिटं.

घरी जेवताना आईचा घास हातातच राहिला. "हा आज असा गप्प का?"

"अगं, मघापासून मीच बोलतोय की," भाऊ हसला.

मी त्याच्या छातीला कान लावला. छाती गरम होती. आत काहीच वाजत नव्हतं.

धावत स्टुडिओत आले. फाईल आता एक तास बावन्न मिनिटांची होती. वाढत होती. ऐकली. टिकटिक नीट चालली होती.

मग ती एकदम जलद झाली.

जिना चढून भाऊ दारात उभा होता, धापा टाकत. "ताई, झालं तरी काय?"

मी स्क्रीन भिंतीकडे वळवली. तेव्हापासून कॉम्प्युटर बंद केलेला नाही.

आज अकरावा दिवस. सकाळी स्क्रीनवर सूचना आली, डिस्क भरत आली आहे. मोठी डिस्क आणून ठेवली आहे. पण फाईल तिच्यावर हलवायची, तर आधी थांबवावी लागते.