आरशात दिसेन तोवर

लायल टरपिन आणि थिया ओल्सगार्ड यांची पहिली भेट झाली ती संडासाची टाकी रिकामी करायच्या रांगेत. प्रेमाला याहून बरी जागा सापडू नये? पुढं कितीदा तरी थियाला असं वाटलं. पण घराला चाकं लावली म्हणून घराचे भोग काही सुटत नाहीत. समोर कितीही देखणा डोंगर असो, चार-आठ दिवसांनी या रांगेत उभं राहावंच लागतं.

कोलोरॅडोच्या डोंगरातला, अशा घरगाड्यांचा तळ होता, पाऊस भुरभुरत होता. पाइनच्या सुयांच्या टोकांशी थेंब थांबायचे, थरथरायचे, मग निघायचे. थिया वाकून जाडजूड पाइप जोडत होती आणि तिचे बाबा, आर्नी, स्टिअरिंगमागं बसून खिडकीतून बोलत होते.

“घट्ट बसव गं.”

“बसवलाय, बाबा.”

“गेल्या वेळीही बसवलाच होतास.”

तिनं झडप ओढली आणि पाइप निसटला. काय झालं ते कळेपर्यंत बूट गेले होते.

मागच्या छोट्या हिरव्या व्हॅनमधून एक उंच माणूस उतरला. हातात रबरी मोजे, चेहऱ्यावर न्यायाधीशाचं गांभीर्य. त्यानं आधी झडप बंद केली, मग तिच्या पायांकडं पाहिलं.

“नवे आहेत,” ती रडवेली होऊन म्हणाली.

“होते,” तो म्हणाला.

थियाला हसू फुटलं. इतक्या दिवसांनी फुटलं की ते आपलंच आहे हे तिला ओळखू येईना. तो स्वच्छ पाण्याची नळी घेऊन आला, उकिडवा बसला आणि मान वर न करता तिच्या पायांवर पाणी सोडत राहिला. पाणी डोंगरावरचं, ताजं वितळलेलं. पाय बधिर झाले... गाल मात्र तापले.

“पहिल्याच भेटीत पाय धुताय. पुढं काय करणार?”

“नाव विचारणार. पण आधी साबण.”

आर्नींचा सारा जन्म उत्तर डाकोटात धान्याच्या कोठारावर काम करण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि लॉइसनं, थियाच्या आईनं, घर विकलं, ही तीस फुटी गाडी घेतली. सगळे डोंगर बघू, मग कुठंतरी थांबू, असं दोघांचं ठरलं होतं. लॉइस आधीच थांबली. आईच्या मातीला आलेली थिया महिनाभर सोबत म्हणून गाडीत चढली. दातांच्या दवाखान्यातली नोकरी सुटली, भाड्याची खोली सुटली, आणि आता हा तिसरा उन्हाळा.

उतरणार तरी कशी? मणक्याच्या ऑपरेशननंतर बाबांची मान वळत नव्हती. आणि एवढी लांब गाडी झाडांमधल्या चिंचोळ्या जागेत उलटी घालायची तर मागं कुणीतरी उभं हवंच, आरशात दिसेल असं. आई उभी राहायची तेव्हा हातवारे करत गाणं म्हणायची, आणि सगळा तळ हसायचा.

*ये मागं, ये मागं, डावीकडं झाड,*
*मी दिसते आरशात, तुला कसली धाड.*

आता तिथं थिया उभी राहायची. ती गाणं म्हणत नसे. बाबांचे ओठ मात्र हलायचे, ते तिला आरशात दिसायचं. लेक आरशातून निघून गेली तर गाडी कुठं टेकायची, हे बाबांनी कधी विचारलं नव्हतं. तिनंही नाही.

टीटन डोंगरांच्या पायथ्याशी हिरवी व्हॅन पुन्हा दिसली. “योगायोग,” लायल म्हणाला. यलोस्टोनला ती अगदी शेजारच्याच जागेत उभी होती.

“पुन्हा योगायोग?”

“नाही. तो बिचारा दमला. आता मीच येतो.”

संध्याकाळी तो शेकोटीशी आला, टोपी हातात घेऊन.

“मिस्टर ओल्सगार्ड, बसू का?”

“मिस्टर म्हणजे माझा बाप. मी आर्नी. पत्ते येतात?”

“येतात. पण हरतो.”

“मग बस.”

तो रोज बसला आणि रोज हरला. बाबा खूश. तो मुद्दाम हरतो हे थियाला पहिल्याच डावात कळलं होतं, आणि तिला कळलंय हे त्याला कळलं होतं. शेकोटीच्या पलीकडून तो एकदाच पाहायचा... तेवढ्यानं तिच्या हातातला कॉफीचा मग उगाच गरम व्हायचा.

एकदा गव्यांचा कळप रस्त्यात ठिय्या देऊन बसला. गाड्या खोळंबल्या. थियाच्या बाजूच्या आरशात मागची हिरवी व्हॅन दिसत होती आणि काचेमागं लायल, दोन बोटांची शिंगं करून, मान डोलवत होता.

“एवढं काय बघतेस मागं?” बाबांनी विचारलं.

“गवे, बाबा.”

“गवे पुढं आहेत, पोरी.”

त्याच दुपारी उकळत्या झऱ्यापाशी वाफ दाटली, कुणाला कुणी दिसेना. तेव्हा त्याच्या बोटांनी तिची बोटं शोधली. वाफ विरली तरी सोडली नाहीत.

ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात पोचले तोवर ऑक्टोबर लागला होता. लार्चची झाडं पिवळीधमक झाली होती. वारा आला की सोन्याच्या सुया झरायच्या, केसांत अडकायच्या. तळ ओस पडत चालला होता. तळ्याकाठच्या गोट्यांवर दोघं बसली होती. लायल एकेक गोटा उचलायचा आणि पुन्हा होता तिथंच ठेवायचा.

“घाटापलीकडं एक जुनं हॉटेल आहे,” तो म्हणाला. “हिवाळ्यात बंद असतं. छपरावरचं बर्फ ओढायला एक माणूस ठेवतात. रस्ता बंद झाला की वसंतापर्यंत ना कुणी येत, ना जात. मी हो म्हटलंय.”

“छान.”

“दोघांपुरती सोय आहे. चूल मोठी आहे.”

“चुलीचं काय सांगतोस मला?”

“बाकीचं सांगायचं धाडस होत नाही म्हणून.”

पाण्यावरून गार वारा आला. थियानं बाही बोटांवर ओढून घेतली.

“आमची गाडी घाटावर सोडत नाहीत,” ती म्हणाली. “लांब आहे फार.”

“मी गाडीला विचारलं नाही, थिया.”

तिनं कपाळ त्याच्या खांद्याला टेकलं. जॅकेटला लाकडाच्या धुराचा वास होता. “मला यायचंय,” ती म्हणाली. “इतकं यायचंय... की भीती वाटते.” तो फक्त तिच्या केसांतली एकेक सुई काढत राहिला, वेचून झाल्या तरी.

रविवारी बर्फ पडणार, घाट बंद होणार, असं सगळे म्हणत होते. शनिवारी सकाळी बाबांनी पॅनकेक केले आणि तिसरी ताटली मांडून लायललाही हाक मारली.

“तिला ने,” ते काकवी ओतत म्हणाले.

थियाच्या हातातला काटा थांबला. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगायला कशाला हवं? मान वळत नाही माझी, डोळे वळतात. आणि तुम्ही तळ्यावर जाता तेव्हा मी काय झोपा काढतो? शिकलोय मी. एकटा गाडी मागं घालायला. चल, दाखवतो.”

त्यांनी आईचा हातआरसा डॅशबोर्डला चिकटपट्टीनं बसवला होता. मान वळत नाही तर आरसा वळेल, असं त्यांचं गणित. थियाला आणि लायलला त्यांनी दूर, कडेला उभं केलं.

“हात खिशात घाल, पोरी. एक जरी खूण केलीस तर बघ.”

थियानं हात खिशात घातले. गाडी रस्त्यावर गेली, थांबली, मागं येऊ लागली. सरळ आली. हलकेच वळली. लॉइस असती तर टाळ्या पिटल्या असत्या, इतकी सुरेख वळली. थियाच्या छातीतलं काहीतरी अलगद सुटू लागलं. चूल दिसू लागली, छपरावरचं बर्फ, दोन कप... लायलनं तिच्याकडं पाहिलं. तो हसत होता.

आणि तेवढ्यात गाडी डावीकडं वळली. कारण नव्हतं काही. जागा मोकळी होती, आणि गाडी शांतपणे, जणू कुणी बोलावल्यासारखी, थेट मोठ्या लार्चवर गेली.

काच फुटली. आईच्या स्वयंपाकाची खिडकी ती. तिचा पिवळा पडदा बाहेर लोंबला, आणि झाडानं सगळं सोनं एकदम गाडीवर ओतलं.

थिया धावली, दार उघडलं. बाबा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून छोट्या आरशात बघत होते. चेहऱ्यावर हसू होतं.

“बाबा, लागलं का?”

“हळू बोल. ती उभी आहे अजून.”

“कोण?”

“लॉइस. ‘ये मागं’ म्हणत होती. मी चाललोच होतो... हे झाड कुठून आलं मध्येच?”

मग त्यांनी लेकीकडं पाहिलं, आणि हसू हळूहळू विझलं. आपण काय बोललो ते त्यांना उमगलं होतं.

“काल जमलं होतं गं,” ते पुटपुटले. “खरंच जमलं होतं.”

“आजही जमलंच होतं, बाबा. झाडच मध्ये आलं.”

“मग तू जाशील ना?”

“हो,” ती म्हणाली आणि त्यांच्या कोटावरच्या काचा एकेक करून टिपू लागली.

तीन उन्हाळे ती त्या आरशात उभी राहिली होती. ऊन असो, गारा असो, हात दुखेपर्यंत. बाबांना मात्र तिथं ती कधी दिसलीच नव्हती.

दुपारी लायलनं फुटक्या खिडकीला फळी ठोकली. हातोडी खाली ठेवून, फळीवर तळवा टेकून तो तसाच पाठमोरा उभा राहिला.

“मी थांबतो,” तो म्हणाला. “हॉटेलवाल्यांना कळवतो, दुसरा बघा.”

“नको.”

“का? मला पत्त्यात हरायची सवय झालीय आता.”

“तू थांबशील,” थिया म्हणाली, “आणि मग आपण दोघं मिळून वाट बघत बसू. ते जाण्याची. तोंडानं कुणी म्हणणार नाही, पण रोज सकाळी आधी तेच बघू. मला असं प्रेम नकोय, लायल. त्यांच्या मरणाला टेकून ठेवलेलं.”

फळीवर त्याचा तळवा तसाच राहिला.

“वसंतात?” त्यानं विचारलं.

बाबांचा हिवाळा वसंतात संपणारा नव्हता. तिनं गाडीच्या दाराकडं पाहिलं. त्यानं मान हलवली, जसा डाव संपल्यावर हलवायचा.

“हरलो,” तो म्हणाला. “आर्नींना सांग, या वेळी मुद्दाम नाही.”

आभाळ खाली आलं होतं. हिरवी व्हॅन झाडांच्या आत उभी होती, नाक आतल्या बाजूला. निघायचं तर आधी मागं यायला हवं. थिया कुणी न सांगता रस्त्यावर जाऊन उभी राहिली. त्याच्या आरशात त्याचे डोळे दिसले, फक्त डोळे. तिनं दोन्ही हात उचलले आणि बोलावलं. ये. ये. व्हॅन हळूहळू तिच्याकडं येऊ लागली. आणखी ये. इतकी जवळ आली की मागच्या धुळकट काचेवर तिच्या श्वासाची वाफ उमटली. अजून एक वीत... तिनं तळवा उभा धरला. थांब.

मागचे दिवे लाल पेटले. त्या लाल उजेडात ती उभी राहिली. हातांची फुली केली असती तर इंजिन बंद झालं असतं. एवढंच करायचं होतं. तो वाट बघत होता, दिवे विझत नव्हते.

तिनं हात पुढं नेला, मोकळ्या रस्त्याकडं. जा.

दिवे विझले. व्हॅन सुटली. झाडांमधून बारीक बर्फ उतरायला लागलं होतं, आणि आजवर कधी न म्हटलेलं ते गाणं आपसूक तिच्या ओठांवर आलं. पण शब्द आईचे नव्हते.

*जा पुढं, जा पुढं, मोकळी आहे वाट,*
*मी दिसते आरशात...*

वळण आलं. हिरवा रंग झाडांआड गेला. ओळ तिथंच राहिली, हातही वरच राहिला.

मागून गाडीचं दार करकरलं.

“लॉइस?” बाबांनी हाक मारली. “कुठं गेलीस? गारठा किती पडलाय.”

थियानं बाहीनं चेहरा पुसला.

“आले,” ती म्हणाली.