मालकाची दहा पावलं

"या, बसा. मालक बाहेर गेले आहेत. पाणी घ्या, पंखा लावलाय," घर अदबीने म्हणालं आणि वैजयंती हर्डीकर स्वतःच्याच दिवाणखान्यात खांद्यावरची पिशवीही न उतरवता उभी राहिली.

आधी तिला वाटलं, आपण चुकून वरच्या मजल्यावर आलो. पण कोपऱ्यातली कुंडी तिचीच होती. ती स्वयंपाकघरात गेली तर शेगडी पेटेना. झोपायच्या खोलीचं दार ढिम्म हलेना. दारामागच्या भिंतीत जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी बसवलेली होती, तिचं नाव गृहपाल. कुलपं, दिवे, पाणी, शेगडी, सगळ्याचा कारभार तिच्याकडे. आज त्या कारभाऱ्याने घरमालकिणीला पाहुणी ठरवलं होतं.

"पाहुण्यांची वेळ सायंकाळी सातपर्यंत," गृहपालाने पुढे समजावलं. "पाहुण्यांना सलग सहा दिवस येता येईल. त्यानंतर दार उघडायला मालकांची परवानगी लागेल."

हे घर तिला सुखासुखी मिळालं नव्हतं. नवऱ्यापासून वेगळं होताना तीन वर्षं ती कोर्टाच्या पायऱ्या चढली होती, तेव्हा कुठे घर तिच्या एकटीच्या नावावर झालं. आणि आता एक डबा तिला सहा दिवसांची मुदत देत होता. पेटी उखडून काढावी म्हटलं, तर तिला धक्का लागताच दारं पंधरा दिवस बंद होतात, असं माहितीपुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं.

तिने तक्रार केंद्राला फोन लावला.

"तक्रार कोण करतंय?" पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"मी. या घराची मालकीण."

"मॅडम, आपली नोंद पाहुणी अशी दिसतेय. तक्रार मालकच करू शकतात."

"ती नोंदच चुकलीय. हीच तर माझी तक्रार आहे."

"बरोबर आहे मॅडम, पण ती मालकांनी करायला हवी."

वैजयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्या मुलीने सांगितलेले सगळे उपाय तिने केले. पेटी बंद करून चालू केली. खालची काळी कळ वीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरली. पेटी झोपली, उठली आणि म्हणाली, "नमस्कार. आपण पहिल्यांदाच आलात का?" कोर्टाच्या आदेशाची प्रत पाठवली, तर उत्तर आलं की आदेशाचा आम्ही आदर करतो, मात्र यंत्राला कागद वाचता येत नाही. पेटी बदलून हवी असल्यास मालकांनी यंत्रासमोर दहा पावलं चालून संमती द्यावी.

रोज संध्याकाळी सातला घर तिला नम्रपणे बाहेर काढत होतं आणि ती थोरल्या बहिणीकडे झोपायला जात होती. बहीण काही विचारत नसे, त्याचाच तिला जास्त राग येई.

चौथ्या दिवशी कंपनीचे अभियंता डोंगरदिवे आले. पन्नाशीचा, मूळचा अमरावतीकडचा, शांत माणूस. घराने दोघांनाही "या, बसा" म्हटलं.

"निदान पंगत तरी एकच आहे आपली," वैजयंती म्हणाली. "आता मला सांगा. मी नाशिकच्या कृत्रिम पायांच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं माणसांची चाल मोजतेय. तुमचं यंत्रही चालच मोजतं. मग माझी चाल त्याला का कळत नाही?"

डोंगरदिवे खाली वाकले आणि दारापासून आतपर्यंत गेलेल्या फरशीवर त्यांनी बोट टेकवलं. "ही पावलफरशी. माणूस दहा पावलं चालला की दाब, लय, तोल यांचा मिळून चालठसा तयार होते. चेहरा बदलते, आवाज बसते, पण चाल सहसा बदलत नाही."

"हळूहळू बदलते. वजन वाढतं, गुडघे कुरकुरतात."

"म्हणून दोन ठसे ठेवतो आम्ही. घर घेताना घेतला तो मूळ ठसा. आणि रोजच्या येण्याजाण्यातून थोडाथोडा सुधारत जाते तो चालू ठसा. पहिला महिना तर यंत्र अडवतच नाही, चाल शिकत राहते. रोज घर तुम्हाला चालू ठशावरून ओळखत होतं. मागच्या सोमवारी कंपनीने सगळीकडे नवी सुधारणा पाठवली, त्यात तुमचा चालू ठसा पुसला गेला. आता घर मूळ ठशावर आलं."

"मग मूळ ठसाही माझाच आहे. तो काढून दाखवा, म्हणजे बघते कुठे चुकतंय."

"तोच तर घोळ आहे मॅडम. चोरी होऊ नये म्हणून मूळ ठसा असा गुंडाळून ठेवतात, की ताडून पाहता येते, उलगडून वाचता येत नाही. किती जुळलं तेवढा आकडा मिळते. नव्वदच्या वर लागतात. तुमचे आलेत एकतीस. हा एक प्रयत्न धरला; पाहुणी म्हणून येणंजाणं त्यात मोजत नाही. पण असे सहा झाले की नोंद कायमची गोठते."

"एकतीस? अहो, मला लंगडायला लावलंत तरी पन्नास येतील." ती थांबली. "मूळ ठसा कधी घेतला, ते तरी कळेल?"

डोंगरदिव्यांनी हातातल्या डिजिटल पाटीवर पाहिलं. "सहा वर्षांपूर्वी, एकवीस फेब्रुवारी. सकाळी अकरा बेचाळीस."

वैजयंतीने डोक्याला हात लावला. अकरा बेचाळीस हा वास्तुशांतीचा मुहूर्त होता. गृहपाल त्याच मुहूर्तावर सुरू व्हायला हवा, असा सासूबाईंचा हट्ट. कंपनीचा माणूस सांगत होता की दोघांनी वेगवेगळं, रोजच्या कपड्यांत चाला. पण मुहूर्त त्याच्यासाठी थोडाच थांबणार होता? तिने नऊवारी नेसून, कमरेवर पाण्याने भरलेला कलश घेऊन गृहप्रवेश केला होता, आणि तिच्या शेल्याची गाठ प्रसन्नच्या उपरण्याला बांधलेली होती.

"म्हणजे घराला मालक म्हणून माहीत आहे ती नऊवारीतली, कलशवाली, नवऱ्याला बांधलेली बाई," ती म्हणाली.

"आपल्याकडे अशीच पद्धत आहे ना मॅडम," डोंगरदिवे ओशाळून म्हणाले. "निम्मे मूळ ठसे मुहूर्ताचेच असतील."

नऊवारी आणि कलश बहिणीकडून आणता आला. एकटीने चालल्यावर आकडा बावन्नवर गेला. डोंगरदिव्यांच्या गमछ्याला गाठ मारून पाहिली, साठ आले. "गाठीतून समोरच्या माणसाची लय येते," ते म्हणाले. "तीच लय पाहिजे."

ज्या माणसापासून सुटण्यासाठी तीन वर्षं भांडलो, त्याला स्वतःच्याच घरात शिरण्यासाठी बोलवायचं! तरी तिने प्रसन्नला फोन लावला.

प्रसन्न सहाव्या दिवशी दुपारी आला, धुतलेलं उपरणं घेऊन. त्याच्या चेहऱ्यावर उपकारकर्त्याचं हसू होतं.

"घर तुझं, पण चावी शेवटी मीच म्हणायची," तो म्हणाला.

"गाठ बांध," वैजयंती म्हणाली.

त्याने बांधली. तो अर्धं पाऊल पुढे, ती मागे, अशी दोघं आत आली. बहात्तर.

"अगं, इतकी ताठ काय चालतेस? तेव्हा कशी गुपचूप माझ्यामागे आली होतीस," प्रसन्न म्हणाला. "तशी ये."

वास्तुशांतीच्या फोटोत ती खरोखरच खाली मान घालून हसत होती. दात आवळून तिने तशी मान घातली, पावलं लहान केली, त्याच्या ओढीला अंग सैल सोडलं. एकाहत्तर.

"पाच झाले," डोंगरदिवे हलकेच म्हणाले. "आता एकच."

तिघं पुन्हा उंबऱ्याबाहेर गेली. तिने कलश कमरेवर घेतला, श्वास घेतला, आणि प्रसन्नचा फोन वाजला. "एक मिनिट हं," म्हणून तो पाठमोरा झाला आणि कुणाशी तरी पुढच्या आठवड्याच्या सहलीबद्दल बोलू लागला. एक मिनिट झालं, तीन झाली. कलशाने कंबर भरून आली. तिचा सहावा दिवस संपत आला होता, शेवटचा प्रयत्न राहिला होता आणि हा माणूस हॉटेलातल्या नाश्त्याची चौकशी करत होता.

वैजयंतीचा संयम सुटला. तिने शेल्याला हिसका दिला आणि टाचा आपटत आत शिरली. प्रसन्न फोन सावरत, धडपडत, तिच्यामागून फरफटत आला. कलशातलं पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडलं.

एकामागून एक सगळी कुलपं उघडली.

"यावं मालक," घर म्हणालं. "स्वागत आहे."

डोंगरदिव्यांनी पाटी तिच्यासमोर धरली. सत्त्याण्णव.

मग वैजयंतीला आठवलं. त्या दिवशीही प्रसन्न फाटकापाशी फोनवर होता. गुरुजी हाका मारत होते, मुहूर्त टळत होता, आणि ती त्याला अशीच खेचत आत घेऊन आली होती. हसरा फोटो नंतर काढलेला, सासूबाईंनी "जरा हस गं" म्हटल्यावर. फोटो भिंतीवर लागला आणि सगळ्यांनी तोच खरा धरला. तिनेसुद्धा. कोर्टात त्याच्या वकिलाने 'पत्नी मुकाट पतीच्या मागून या घरात आली' म्हटलं, तेव्हा तिने साधा आक्षेपही घेतला नव्हता.

"म्हणजे मी..." प्रसन्न ओला सदरा झटकत म्हणाला.

"गाठ सोड आणि नीघ," वैजयंती म्हणाली आणि पेटी बदलण्याच्या संमतीवर तिने अंगठा उमटवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरदिव्यांनी नवी पेटी बसवली. "आता एकट्याच, रोजच्या कपड्यांत. दहा पावलं, अगदी निवांत."

ती उंबऱ्याशी आली आणि थबकली. "हा मूळ ठसा पुन्हा कधी लागेल मला?"

"तसा लागत नाही मॅडम. यंत्र बिघडलं, चालू ठसा गेला, तरच."

"आणि यंत्राने मला पुन्हा पाहुणी ठरवलं, की मी निवांत चालत येईन असं वाटतं तुम्हाला?"

डोंगरदिव्यांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. "नाही मॅडम."

"मग थांबा जरा."

तिने डोळे मिटून गेल्या सहा दिवसांतली एकेक गोष्ट आठवली. संताप आणायला फार प्रयत्न करावे लागले नाहीत. मग ती दहा पावलं तणतणत आत चालत गेली, आणि मालक म्हणून घराने तीच नोंदवून घेतली.