तळाशी उभं रान

ते अफाट सरोवर जन्मलं कसं, हे शोधायला तिघं निघाली होती: नकाशे काढणारी ती, तिच्या मोठ्या बहिणीचा नवरा, म्हणजे दगडांचे जाणकार भावोजी, आणि एक म्हातारा नावाडी. दक्षिण काठाखालच्या दरीत तीनशे घरांची वसाहत उभी राहिली होती. काठ भक्कम आहे ना, एवढंच तिथल्या लोकांना जाणून घ्यायचं होतं. भावोजींनी लिहिलेल्या पुस्तकात उत्तर तयारच होतं. हे निवालेल्या ज्वालामुखीचं तोंड! चहूबाजूंनी अखंड खडक, मधे अथांग पाणी. आता फक्त मोजून दाखवायचं होतं.

सहा दिवस भावोजी शिशाचा गोळा बांधलेला दोर पाण्यात सोडत, आकडा पुकारत आणि ती लिहून घेई. तिच्या मनात पाल चुकचुकत होती ती नावाड्याबद्दल. कुठेही म्हणाल तिथे होडी नेणारा हा माणूस दक्षिणेचं नाव काढलं की टाळाटाळ करी. कधी वारा वाईट, कधी खांदा दुखतोय.

सातव्या सकाळी तिने विचारलंच. "काका, काय लपवताय?"

"लपवतोय कशाला, ताई? तिथलं पाणी खाली ओढतं. माझा भाऊ होडीसकट गेला तिथे."

"अखंड खडकाला भोक कुठून पडणार? थापा मारतोय हा!" भावोजी हसले. हसताना त्यांनी तिच्याकडे बघायचं मात्र टाळलं.

शेवटी दक्षिणेला होडी निघालीच. भावोजी पुढे दुर्बीण लावून बसले, म्हणून दोर पहिल्यांदाच तिच्या हाती आला. चाळीस हात गेला आणि सैल पडला! तिने तो वर ओढला. गोळ्याच्या बुडाला लावलेल्या मेणात झाडाची काळी साल रुतली होती. ती होडीच्या कडेवरून वाकली. खाली, हिरव्या पाण्यात, निष्पर्ण झाडांचं अख्खं रान उभं होतं.

म्हणजे ही दरी होती! डोंगर ढासळून नदी अडली होती, आणि तो दक्षिण काठ म्हणजे नुसता दगडमातीचा ढीग होता.

"भावोजी, काल इथून थोडं अलीकडेच तुम्ही दोनशे हात पुकारलंत."

"दोर वाहून तिरका गेला असेल."

"रोज?"

ते काही बोलायच्या आत होडी आपोआप वळली.

"वल्ही घ्या!" नावाडी ओरडला. "वजन टाका!"

पाणी गरगरू लागलं. होडीचं नाक खाली गेलं. तिने दोर फेकला, शिशाचे जादा गोळे फेकले. तरी होडी ओढली जातच होती! भावोजींनी वीस वर्षं जमवलेल्या दगडांची पेटी क्षणभर छातीशी धरली आणि पाण्यात लोटून दिली. मग तिघंही जीव खाऊन वल्हवू लागली. हातांची सालटी निघाली. अखेर बूड वाळूला घासलं!

पायांखाली काठाच्या पोटातून पाणी सुसाट वाहत असल्याचा आवाज येत होता.

धापा टाकत तिघं वसाहतीच्या कचेरीत पोचली. मुकादमीणबाईंनी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. "काठ अखंड खडकाचा आहे, असं तुमच्याच पुस्तकात लिहिलंय की!"

"पुस्तक चुकलंय," भावोजी म्हणाले. "आणि ते खरं ठरावं म्हणून मी आकडे खोटे पुकारले. माझ्या नावानिशी लिहून घ्या, पण आधी माणसं हलवा."

नकाशेवालीने ते लिहून घेतलं. तिला त्यांचा राग आला होता, तरी तिने त्यांना बसायला आपली खुर्ची पुढे केली.

तिसऱ्या दिवशी काठ फुटला. तीनशे घरं वाहून गेली. आत माणूस एकही नव्हता.