न लागलेलं दही

सिरसाळ्याच्या घरी दही लागेना, ही तक्रार सांगायला आईनं मला पुण्याला फोन केला. मला हसू आलं. "आई, मी उंदरांच्या गर्भातल्या पेशी वाढवते. दह्यातलं मला काय कळतंय?"

"इतकं शिकलीस, तर येऊन बघ एकदा. रुद्राणीलाबी बघशील."

दही हे निमित्त होतं. रुद्राणी माझी धाकटी बहीण. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली तेव्हा मी जवळच होते. ती रडलीच नाही. त्याला तीन महिने होऊन गेले तरी रुद्राणी धड जेवत नव्हती, सासरी जायचं नाव घेत नव्हती, आणि दिवसेंदिवस वाळत चालली होती. मुलीचं नाव तिनं ती पोटात असतानाच ठेवलं होतं. ते मी शेवटी लिहीन. आत्ता लिहिलं तर पुढचं हातून होणार नाही.

वैशाख होता. परळीचं वीज केंद्र याच तालुक्यात, आणि सिरसाळ्यात निम्मा दिवस वीज नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. असल्या उन्हात तापवायचं विसरलेलं दूध दुपारपर्यंत नासतं. आईनं फडताळातून पातेलं काढून माझ्यापुढं ठेवलं.

"कधी विरजलंस?"

"गेल्या सोमवारी."

मी बोट बुडवून चाखलं. पातळ, गोड, आत्ताच काढल्यासारखं ताजं दूध होतं.

विरजण खराब असेल म्हणून शेजारच्या वत्सलाबाईंकडून आणलं. लागलं नाही. मग आमचंच दूध त्यांच्या घरी नेऊन विरजलं, तर सकाळी कवडीदार दही. त्यांचं दूध आमच्या घरी आणलं, ते दूधच राहिलं. आतल्या खोलीत आईनं आंब्याची अढी घातली होती. गवत बाजूला केलं तर कैऱ्या हिरव्या, टणक, आणि देठाशी चीक अजून ओला. फडक्यात बांधलेली मटकी फुगली होती, मोड एकीलाही नव्हता. परसातल्या मोगऱ्याच्या कळ्या कळ्याच होत्या.

"कावून व्हतंय गं असं, शिवा?" आईनं हळूच विचारलं.

"उष्णतेनं," मी म्हणाले. काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

त्या दुपारी मी रुद्राणीला न्हाऊ घातलं. तिचं पोलकं दुधानं भिजलेलं होतं. दूध आटायच्या गोळ्या कधीच संपल्या होत्या. पाठ चोळताना कमरेला बांधलेली एक पुरचुंडी हाताला लागली. मी ओळखली.

आमच्या लिंगायतांत आठव्या महिन्यात मठाचे स्वामी येतात आणि पोटातल्या बाळासाठी इष्टलिंग देतात. बाळ जन्मेपर्यंत ते आईनं अंगावर वागवायचं, मग बाळाला बांधायचं. माणूस गेलं की ते त्याच्या तळहातावर ठेवूनच मातीत बसवतात. मुलीला शेतात पुरलं तेव्हा स्वामींनी लिंग मागितलं होतं. हरवलं, असं रुद्राणी म्हणाली होती.

"अक्का, कुणाला सांगू नगंस."

मी नाही सांगितलं. केस पुसताना तिनं आपणहून विचारलं, "तू तिकडं करतीस तरी काय?"

पुष्कळ दिवसांनी ती काही विचारत होती, म्हणून मी सोपं करून सांगितलं. गर्भाच्या सुरुवातीच्या पेशीला काहीही होता येतं. कातडी, हाड, काळीज. पण एक काही व्हायचं तर आधीचं विसरावं लागतं. मायक्रोआरएनए नावाचे चिमुकले रेणू असतात, ते जुने निरोप गप्प करतात. मग पेशी पुढं सरकते. माझ्या बशीत काळजाच्या पेशी आपोआप धडधडायला लागतात, ते पाहून अजून माझ्या अंगावर काटा येतो.

"आन् गप करणारं कुणी नसलं तर?"

"तशाही पेशी आहेत. त्या जगतात, वाढतात. पण त्यांचं काहीच होत नाही. पहिल्या दिवशी होत्या तशाच राहतात."

"मरत न्हाईत ना?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे की गं तशाच."

मला रडू फुटलं. तिला नाही. तिच्या मनगटाची हाडं दिसत होती, आणि ही आता जगत नाही असं मला स्वच्छ वाटलं. दोन दिवस मी तिच्या मागं लागले. जे मुलीचं आहे ते मुलीला दे, म्हणाले. तिसऱ्या दिवशी तिनं पुरचुंडी सोडून माझ्या हातावर ठेवली. ती गरम होती. अंगाची ऊब असणार.

शेताकडं निघण्याआधी मी पातेल्यातल्या त्या न लागलेल्या दुधाची एक छोटी बाटली भरून बॅगेत टाकली. पुण्यात तपासायची होती.

स्वामींनी माती उकरून लिंग ठेवलं, विभूती टाकली. रुद्राणी बांधावर बसून होती. तिनं एकदाच मुलीला नावानं हाक मारली.

घरी आलो तर उंबऱ्यातच पिकल्या आंब्यांचा वास. मटकीला बोटभर मोड. पातेल्यात घट्ट दही. रुद्राणीनं मागून घेऊन दही-भाकरी खाल्ली, आणि आईनं पदरानं डोळे पुसले. त्या रात्री मी सुखानं झोपले.

सकाळी रुद्राणी कपाट आवरत होती. तिच्या हातात कुंची होती. बाळासाठी तिनंच शिवलेली.

"आई, ही कुणाची गं? वत्सलामावशीच्या नातवाची ऱ्हायली काय?"

मी आईकडं पाहिलं. आई जरा आठवल्यासारखं करून म्हणाली, "आसंल. देऊन ये."

मी स्वामींकडं गेले. "कसलं लिंग, बाई?" ते म्हणाले. शेतात गेले, तर तिथं सगळी एकसारखी नांगरट होती.

रुद्राणी आता सासरी सुखात आहे. तिचं दूध आटलं.

मी मात्र विसरले नाही. बाटली माझ्या टेबलावर आहे. तपासली, त्यात काही सापडलं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, दूध ताजंच राहिलं. माझी भाचीही माझ्याजवळ तशीच राहिली. तिच्या कपाळावरचं ओलं जावळ, मिटलेली मूठ. मी तिला कुणापुढं आणलं नाही. रात्री दिवा घालवताना तिला नावानं हाक मारायचे, एवढंच.

परवा बाटलीच्या काठाला थोडं घट्ट दिसलं. म्हणून हे घाईनं लिहायला बसले.

आता नाव.

मघाशी लिहिताना ओठांवर होतं.

रुद्राणीला फोन केला. ती हसली. "कुणाचं नाव, अक्का?"

सांगायला गेले. बाळाचं, म्हणाले. मुलगा की मुलगी, ते सांगता येईना.

बाटली उचलून आडवी केली. आतलं हललं नाही.