लाल दिवा विझेपर्यंत

"रोज रस्त्यावर काढ गं तिला, अक्षदा. पोलादपूरपर्यंत तरी नेऊन आण. आणि तुळसाला माहेरी न्यायचं राहिलंय... तेवढं कर."

बाबांचा तो आवाज वर्षभर माझ्या कानात आहे. तीस वर्षं त्यांनी आंबेनळी घाटात टॅक्सी चालवली. ते गेले आणि त्यांची पांढरी पद्मिनी गाडी मागे राहिली. तुळसाआत्या घाटातल्या वाडीवर दिलेली. सावित्री नदीकाठचं तुडील तिचं माहेर. माझ्याच गाडीतून तुला तुडीलला नेईन, असं बाबांनी तिला वचन दिलं होतं. आता तिची नजर जात चाललीय. दिवाळीपर्यंत दिसेल तेवढं दिसेल, असं डॉक्टर म्हणाले. पण दुसऱ्या गाडीत ती पाऊल ठेवत नाही. "भाऊ म्हनला व्हता त्याच गाडीतनं जायन. नायतर नाय."

म्हणून मी नेम धरला. पहाटे देवापुढे समई लावायची, मग अंगणात गाडी सुरू करून पाच मिनिटं आत बसून जप करायचा. गाडी सुरू झाल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. एकही दिवस चुकला नाही. तरी वरचेवर बॅटरी रात्रभर चार्जिंगला द्यावी लागायची. जुनी झालीय, असं मी मनाला समजावलं.

भाद्रपद सरत आला, दिवाळी महिन्यावर आली, तेव्हा एके सकाळी शेजाऱ्यांनी धक्का मारून गाडी सुरू करून दिली आणि मी आत्याला आणायला निघाले. पोलादपूर मागे पडलं, तशी सर आली. मी वायपर लावले. ते आधी चालले... मग रेंगाळले... मग काचेवर मधेच थांबले. इंजिननं दोन आचके दिले आणि सगळं शांत झालं.

मागून आलेला टेम्पो थांबला. एक तरुण डोक्यावर पोतं घेऊन उतरला.

"बॉनेट उघडा. घाबरू नका, महाडला माझं गॅरेज हाय. वायरिंगचंच काम करतो. नागसेन."

त्यानं वाकून पाहिलं आणि थबकला. "बॅटरीला हळदकुंकू कोणी लावलं?"

"मी... दसऱ्याला."

"टर्मिनलवर?" त्यानं रुमालानं हळुवार पुसून घेतलं. "पुढच्या वेळी झाकणावर लावा. तिलाबी चालेल, मलाबी."

मला हसू आलं... आणि हसले याचीच लाज वाटली.

टेम्पोतली भरलेली बॅटरी जोडून त्यानं गाडी सुरू केली आणि मीटर लावला. "बारा व्होल्ट. चौदाच्या आसपास पाहिजे. अल्टरनेटर बॅटरी चार्जच करत नाय." पट्टा दाबून पाहिला, वायरी हलवून पाहिल्या. त्याच्या कपाळावरून पाणी ओघळत होतं.

"चहा मिळेल का हो कुठं?" त्यानं विचारलं.

"पुढच्या वळणावर मिळेल. मी नाही घेणार. गाडी नीट सुरू होईपर्यंत नेम आहे माझा."

"म्हणजे मी जेवढा वेळ लावीन, तेवढा तुमचा उपास?" त्यानं पाना हातात फिरवला. "मग मीबी नाय घेत."

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "किल्ली फिरवल्यावर समोरचा लाल दिवा लागतो?"

"कधीच नाही. म्हणून तर मी निर्धास्त होते."

तो हसला नाही. "तिथंच चूक झाली. तो आधी लागला पाहिजे. त्या बल्बातूनच अल्टरनेटरला पहिला करंट जातो. मग इंजिन चाललं की तो विझतो. बल्बच गेलाय, तर चार्जिंग कसं होणार?"

त्यानं खिशातून कागदात गुंडाळलेला चिमुकला बल्ब काढून बसवला. "गाडी रोज चालवता?"

"रोज सुरू करते. अंगणात, पाच मिनिटं. बाबा गेले तेव्हापासून. त्यांचीच गाडी."

त्यानं पाना खाली ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "सुरू करताना बॅटरीतनं जेवढं जातं, तेवढं पाच मिनिटांत परत येत नाय. बल्ब ठीक असता तरी नाय."

माझे डोळे भरून आले. रोज ज्या भक्तीनं बसले, तिच्यामुळंच गाडी उपाशी मरत होती?

"बाबा काय सांगून गेले होते?"

"रोज... रस्त्यावर काढ."

"मग अंगणातच का?"

"भीती वाटायची. शिकवताना बसायचे तसे ते शेजारच्या सीटवर नाहीत, म्हणून. आज आत्याला वाडीवरून आणायचं, म्हणून धीर केला."

त्यानं इंजिन बंद केलं. किल्ली माझ्या हातात दिली. मी ती फिरवली. लाल दिवा लागला. इंजिन धडधडलं, आणि दिवा अलगद विझला. मीटरवर चौदा.

"आज घाट नको," तो म्हणाला. "आठ दिवस महाडपर्यंत चालवत या. मी रोज मीटर लावीन. मग न्या आत्याला."

मी रोज जाऊ लागले. पहिले तीन दिवस तो आकडा बघायचा. चौथ्या दिवसापासून आकडा मी वाचायचे आणि तो माझ्याकडे बघायचा. स्टोव्हवर दोन कप चहा झाकलेले असत. चौदा दिसल्याशिवाय तोही कपाला हात लावत नसे.

आठव्या दिवशी तो मीटरची वायर गुंडाळत राहिला. उलगडली, पुन्हा गुंडाळली.

"उद्या घाटात... मी येऊ सोबत?"

"आत्या विचारेल, हा कोण."

"गाडीचा मिस्त्री म्हणा."

"खोटं बोलत नाही मी. तोही नेम आहे."

वायर त्याच्या हातातून सुटली. 

"अक्षदा, आमच्या घरात देव्हारा नाय," तो म्हणाला. "आई बुद्धाच्या फोटोपुढं रोज सकाळी मेणबत्ती लावते. तुमच्या माणसांना चालेल?"

"माणसांचं मला ठाऊक नाही." मी खाली पडलेली वायर उचलली. "सोपं नसणार. पण रोज लावते ना? एकही दिवस न चुकता?"

"तापात असली तरी लावते."

"मग त्यांच्या मेणबत्तीशेजारी माझी समई मावेल."

दुसऱ्या दिवशी पहाटे समई लावली, हात जोडले. थर्मासमध्ये चहा भरला, अजून एकही घोट न घेतलेला. फाटकाशी नागसेन उभा होता, धुतलेला पांढरा सदरा घालून. काही न बोलता तो बाबांच्या जागी, शेजारच्या सीटवर बसला.

मी किल्ली फिरवली. लाल दिवा लागला... आणि विझला.

पोलादपुरातून मी गाडी आंबेनळीच्या रस्त्याला वळवली. वर वाडीत आत्या लुगडं नेसून बसली असेल. सावित्री तिला अजून दिसेल.