चिखलाचा लोगो

"म्याडम, ही गवरी कुणाची?"

पिरंगुटला रफीकभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात शिरून, छत्री मिटवून मी नमुना छापायला पेनड्राइव्ह दिला, तोच कॉम्प्युटरवर बसलेल्या पोरानं हे विचारलं. आणि विचारलं तेही इतक्या आदरानं, की चिडायचीसुद्धा पंचाईत!

"गवरी नाही ती. लोगो आहे."

"कशाचा?"

"'चिखल'चा."

त्यानं स्क्रीनवरच्या माझ्या तपकिरी गोळ्याकडे मान वाकडी करून पाहिलं. "मंग वाळला वाटतं."

अस्सा राग आला म्हणून सांगू! आमच्या डिझाइन कॉलेजच्या मुलांनी मिळून 'चिखल' नावाचा प्रकल्प केला होता. डोळ्यांवर व्हीआरचा हेडसेट चढवला, की माणूस थेट भाताच्या खाचरात, आणि चिखलातून आम्ही रंगवलेली चित्रं उगवतात. प्रदर्शन जवळच्याच रिहे गावच्या शाळेत, आणि लोगो माझ्या गळ्यात. सरांनी दोनदा परत पाठवला होता. "सुलक्षणा, सोमवारपर्यंत जमलं नाही, तर मनीषचा घेऊ." मनीषचा म्हणजे रोबोट. चिखलात रोबोट! माझं नाव कटणार आणि त्या पत्र्याच्या डब्याखाली मनीषचं झळकणार, या विचारानं माझी झोप उडाली होती.

"तुम्हाला काय कळतं हो लोगोतलं?" मी फणकारले. त्याच्या स्क्रीनवर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चालला होता. वर भाऊ, भाऊंचा गॉगल, आणि खाली शुभेच्छुकांचे चेहरे नुसते कोंबलेले.

"लोगोतलं न्हाई कळत. चिखलातलं कळतं. रिह्याचाच हाय मी… माऊली." आणि हसला. हसताना त्याच्या उजव्या गालाला खळी… जाऊ दे, मी तेव्हा रागात होते.

"मग बघाच आता!" म्हणत मी बॅगेतून हेडसेट काढला.

आता कुणीही काय करेल? घेईल आणि घालेल. माऊलीनं आधी चप्पल काढली. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"हे काय?"

"खाचरात जायचंय न्हवं?"

"अहो, खोटं आहे ते!"

"आसंल की. म्हून काय चप्पल घालून जायचं?"

कपाळ माझं! मी हेडसेट त्याच्या डोळ्यांवर चढवला. पट्टा आवळताना माझी बोटं त्याच्या ओल्या केसांना लागली… आणि उगाचच जरा रेंगाळली.

"आयला! लई भारी की वो!" म्हणाला, कमरेत वाकला, डाव्या हातात नसलेल्या रोपांची मूठ धरली आणि चक्क भात लावत सुटला. भात मागं सरकत लावतात, हे सूसच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर वाढलेल्या मला कोण सांगणार? तो आपला मागं, मागं, आणखी मागं… "अहो, थांबा—" म्हणेस्तोवर तो माझ्यावर आणि आम्ही दोघं भाऊंच्या फ्लेक्सच्या गुंडाळ्यांवर!

"लागलं का वो?" हेडसेट घालूनच त्यानं छताला विचारलं.

"नाही," मी म्हणाले. कोपर चांगलंच सोललं होतं. पण कोपराकडे कोण बघतंय!

घरी येऊन पेन्सिल धरली, तर हात थांबेचना. वाकलेला माणूस, दुमडलेली पँट, डोळ्यांवर हेडसेट, बोटं चिखलात. सरांना पाठवलं. "हाच! फक्त ज्याचं चित्र आहे त्याची परवानगी घे. नाहीतर हाही बाद."

रविवारी पुन्हा पिरंगुट. बाहेर भुरभुर पाऊस, आणि मी काजळ घातलेलं. परवानगी मागायला काजळ! मला माझंच हसू येत होतं.

चित्र बघायला माऊली खुर्चीतून पुढं वाकला. "ह्ये… मी हाय?"

"हो."

"आन ह्ये… माझं…?"

"हो," मी नजर पंख्याकडे लावली. "वाकल्यावर ते येणारच ना मध्ये."

"आन ह्ये लागणार कुटं?"

"शाळेवर. निमंत्रणावर. टी-शर्टवर."

"टी-शर्टवर!" तो ताडकन उठला. "म्हंजी माझं बूड लोकांच्या छातीवर? न्हाई जमायचं, म्याडम! आमच्यात मानूस पाठमोरा वळखत्यात. आई औंदा माझं लगीन बघतीया. पोरीकडच्यांनी ह्ये बघितलं, तर कोण पोरगी देईल मला?"

गेला माझा लोगो, आला रोबोट! मी गयावया करणारच होते, पण तोंडातून भलतंच निघालं.

"पोरीला… आवडलं असेल तर?"

"कुटल्या पोरीला?"

"जिनं काढलंय… तिला."

बोलून गेले आणि जीभ चावली. प्रिंटर खरखरत राहिला. माऊलीचे कान लालबुंद झाले. मला लोगोपेक्षा हा माणूस जास्त हवा होता, हे मला तिथंच, त्या शाईच्या वासात कळलं.

शेवटी त्यानं चित्र जवळ ओढलं. "चुकलंय ह्ये."

"आता काय चुकलं?"

"भात एकट्यानं कुणी लावतं व्हय? शेजारी दुसरं मानूस लागतं… मंग बूड कुणाच्या ध्यानात येत न्हाई."

मी पेन्सिल काढली. त्याच्या शेजारी एक वाकलेली मुलगी; सलवार दुमडलेली, डोळ्यांवर हेडसेट. रेघ पहिल्याच झटक्यात बरोबर पडली.

"कोण म्हनायची ही?"

"तुला दिसत नाही?" अहो-जाहो कधी गळून पडलं, देव जाणे.

"दिसतीया. पर लई बारीक काढलीस. लावणीला टिकायची न्हाई."

"बघशीलच की!"

फोटो काढून सरांना पाठवला. "आधीच्यापेक्षा छान! फायनल," लगेच उत्तर. बिचारा रोबोट! मी आनंदानं उडी मारली ती थेट माऊलीच्या पायावर. तो ओरडला नाही. मी पडू नये म्हणून त्यानं माझा हात धरला… आणि पडायची भीती संपली तरी सोडला नाही.

"पर आईला काय सांगू मी?" त्यानं हळूच विचारलं.

"सांग," मी म्हटलं, "पुढच्या आखाडात लावणीला बाहेरचं माणूस बघू नका. घरचं एक वाढतंय."