ॲक्सिलरेटरवरचा पाय

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी स्वतः तिथे होते, एवढंच सांगते.

गेल्या जानेवारीतला रविवार. खडकवासल्याला धरणाजवळचा रस्ता. ऊन नुकतंच उतरलं होतं, भजी-कणसांच्या गाड्यांवर ही गर्दी. म्हणजे अंधार नाही, एकांत नाही... तसलं काहीच नाही.

आम्ही नुकतीच एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. धावताना झकास. पण थांबली की इंजिन थरथरायचं आणि बंद पडायचं.

"सिग्नलला आपोआप बंद होते. पेट्रोल वाचवते बिचारी," माझा नवरा आमोद म्हणायचा.

त्या दिवशी ट्रॅफिकमध्ये ती सारखीच बंद पडायला लागली. शेवटी आमोदने गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं. इंजिन चालूच ठेवलं.

"ऋचा, तू आत बस. मी सांगेन तसं ॲक्सिलरेटर दाब."

"आधी पाणी आणते," म्हणून मी गेले. हॉर्नच्या गोंगाटात त्याला ते ऐकूच गेलं नाही.

बाटली घेऊन परतले, तर तो बॉनेटखाली वाकलेला.

"दाब," तो म्हणाला.

इंजिनचा आवाज वाढला...

मी जागीच थांबले.

"थोडं कमी."

आवाज थोडा कमी झाला.

"सापडलं! इथून हवा ओढतंय." त्याने एका पाइपवर अंगठा दाबून धरला. "आता सोड."

आवाज हळूच खाली आला. थरथर थांबली.

"शाब्बास, ऋचा!"

"आमोद..." मी त्याच्या मागून म्हटलं.

तो वळला. माझ्याकडे बघितलं. मग उघड्या बॉनेटकडे. त्याच्यापलीकडचं काही दिसत नव्हतं.

"मग आत कोण आहे?"

आत कोणीच नव्हतं.

फक्त ड्रायव्हरची सीट... पार पुढे सरकलेली. आमोद चांगला उंच आहे. तिथे त्याचे गुडघेही मावले नसते.

पाइपला टेप गुंडाळून कसेबसे घरी आलो. दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने, दत्तप्रसादने, गाडी तपासली. पाइप बदलला, थ्रॉटल बॉडीवरची काजळी साफ केली.

"दर सर्व्हिसिंगला हे साफ करून घ्या, एअर फिल्टर बदला. परत बंद पडणार नाही."

"आणि ॲक्सिलरेटर?"

"पेडल, सेन्सर, सगळं ओके आहे, वहिनी. का हो?"

मी बिल देऊन किल्ली घेतली.

आठवड्याने टिळक रोडच्या सिग्नलला मी एकटीच थांबले होते. भर दुपारी. समोरून एक आजोबा काठी टेकत रस्ता ओलांडत होते.

माझा पाय ब्रेकवर होता.

आणि इंजिन गुरगुरायला लागलं...

मी जीव खाऊन ब्रेक दाबला. तरी गाडी किंचित पुढे सरकली. आजोबांनी दचकून माझ्याकडे बघितलं.

"सोड!" मी ओरडले. "सोड म्हणते ना!"

आवाज हळूच खाली आला.

त्यानंतर मी त्या गाडीत बसलेले नाही. आमोदने ती विकायला काढलीय. काल एका बाईंचा फोन आला.

"मी नवीनच शिकलेय हो. मुलीला शाळेत सोडायला हवीय. सिग्नलला बंद वगैरे पडत नाही ना?"

"नाही," आमोद म्हणाला.

खोटं नाही बोलला तो.

त्या उद्या मुलीला घेऊन गाडी बघायला येणार आहेत. त्यांना काय सांगायचं... कळत नाहीये.